विहिरीत सोडलेली पेटी

१

निघायच्या दिवशी सकाळीच रुखमाबाईची पेटी विहिरीत सापडली.

मोतीराम सालदार, घरचा सालगडी, मोट धरायला गेला होता. थंडीचे दिवस, पाणी निवळशंख. तळाशी त्याला काहीतरी निळं दिसलं. त्यानं हाका मारल्या, माणसं धावली, गळ टाकून ती वस्तू वर ओढली. खामगावच्या बाजारातून मुद्दाम आणलेली पत्र्याची निळी पेटी होती ती. कडी उघडली तसं आतलं पाणी भदाभदा काठावर सांडलं. लुगडी, धोतरं, दशम्यांचा पितळी डबा, रुखमाबाईच्या पाटल्या, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ज्या पुठ्ठ्याच्या पाकिटात बोटीची तिकिटं होती, त्याचा लगदा झाला होता.

रुखमाबाईनं तो लगदा ओंजळीत घेतला. शाई बोटांवरून ओघळली.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चाले, आणि देऊळघाटच्या माणसाला मुंबई म्हणजे दुसराच मुलूख वाटे. त्या मुंबईच्या एका कंपनीनं यात्रेकरूंसाठी खास बोट काढली होती. मुंबईहून निघून वेरावळ, पोरबंदर, द्वारका, बेट-द्वारका अशी बंदरं घेत परत मुंबईला यायचं. रुखमाबाईनं लोणारच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. पण दिवाळीपासून जात्यावर बसली की तिच्या तोंडी ओव्यांऐवजी बंदरांची नावं यायची. कोणत्या बंदरावर बोट किती थांबते, बोटीवरून काठाला नेणाऱ्या मचव्यात पाय आधी कोणता टाकायचा, वेरावळला उतरल्यावर सोमनाथ आधी की जेवण आधी, भोंगा झाला की माघारी कसं फिरायचं, हे सारं तिनं विचारून विचारून पक्कं केलं होतं. गेल्या साली जाऊन आलेला शालिग्राम ओसरीवर येऊन बसला की ती त्याला उठूच द्यायची नाही.

"बोटीवर चढनंच मोठं कठीन," शालिग्राम सांगे. "धक्क्यावर रांगेत उभं करते. साथीचे दिवस, म्हणून डाक्तर एकएकाचे हातपाय उघडे करून पाह्यते. चट्टा दिसला का सुई टोचते. माह्या पुढच्या एका बाप्याले रांगेतून बाहीर काढलं, तं लोकं असे मांगं सरले, बाप्पा!"

सगळे हसले होते. रुखमाबाईनं मात्र त्यातून कामाचं तेवढं उचललं. हात पटकन उघडा करता यावा म्हणून बांगड्या थोड्याच भरायच्या.

आता तिचे यजमान उत्तमराव मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्यावर बसले होते. शाल अंगाभोवती घट्ट, हात शालीच्या आत. त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता.

"आई," मुलगी कोकिळा ओली लुगडी उलटीपालटी करत म्हणाली, "यात माहा शालू नाई."

तिच्या लग्नाचा शालू. वैशाखात तिचं लग्न होतं, खामगावच्या एका घरात दिली होती. द्वारकेच्या देवाच्या पायाला लावून आणायचा म्हणून तो पेटीत सगळ्यात खाली ठेवला होता, रुखमाबाईनं स्वतःच्या हातानं.

शालू घरातच सापडला. देवघरात, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. नीट घडी केलेला, कोरडा ठणठणीत.

२

उत्तमरावांचे थोरले भाऊ महादेवराव गावचे पोलीस पाटील होते. त्यांना निकाल लावायला वेळ लागला नाही.

"मोतीरामच तो," ते चावडीवर म्हणाले. "पेटीत सोनं आहे हे त्याले मालूम होतं. विहिरीत लपवून ठेवली. हे पेटी हुडकून थकले असते, का त्यानं रातच्यानं काढली असती. काऊन बे, खरं का नाई?"

"मालक, म्याच तं पाह्यली! म्याच तं आवाज देल्ला!"

"पानी निवळ, दुसऱ्या कोणी पाह्यलीच असती. म्हणून पयले तूच बोंबलला."

मोतीरामला चावडीत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून शिपाई येणार होता. मोतीरामची बायको येऊन रुखमाबाईच्या पायांवर पडली. रुखमाबाईनं तिला उठवलं, तिच्या हाती नवऱ्यासाठी भाकरी बांधून दिली, आणि मग ती एकटीच विहिरीवर गेली.

ती जळगाव जामोदच्या एका पोलीस जमादाराची लेक होती. बाप चोराला चोरीचं कधी विचारत नसे. त्या दिवशी बैलाला वैरण काय घातली, असलं काहीतरी विचारी. लहानपणी दाराआड बसून तिनं ते पुष्कळ ऐकलं होतं.

विहिरीचं बांधकाम काळ्या दगडाचं, आत दगड पुढं आलेले. वरून फेकली असती तर पत्र्याची पेटी ठेचाळली असती. हिला साधा पोचाही आला नव्हता. म्हणजे कुणीतरी ती दोरानं हळूहळू खाली सोडली होती. दोर तिथंच खुंटीला होता. तिनं तो हातावर घेऊन पाहिला आणि थबकली. वीतभर सोडून वीतभर, दोरावर वाळलेलं रक्त होतं.

भरल्या पेटीचं वजन हातातून सरकत गेलं आणि ज्याच्या हातातून गेलं त्याचा तळवा सोलून निघाला.

ती तडक चावडीच्या मागच्या खिडकीशी गेली. "मोतीराम, हात दाव."

त्यानं गजांतून हात पुढं केले. जन्मभर मोट हाकलेले ते तळवे घोरपडीच्या पाठीसारखे राठ होते. कुठं ओरखडाही नव्हता.

आणि मोतीराम देवघरात कधी गेलाच नव्हता. सालदाराची पायरी ओसरीपर्यंत. शालू काढून ठेवणारा माणूस घरातला होता. त्याला यात्रा बुडवायची होती, पण कोकिळेचा शालू भिजू द्यायचा नव्हता.

घरात माणसं ती किती?

३

आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात निरोपाचं भजन होतं. सारं गाव तिथं होतं. पेटी विहिरीत गेली ती त्याच वेळात. म्हणून रुखमाबाईनं सगळ्यांना भजनाचंच विचारायचं ठरवलं.

मोठी जाऊ आशाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"काल तुम्ही मधातच उठून गेल्या, जाऊबाई. गवळण आईकली नाई."

"दूध उतू जाईन म्हणून गेली. काऊन? माह्यावर आळ घेतं का?" आशाबाईनं सूप खाली आपटलं. "हो, जळली मी. खोटं काऊन बोलू? मी थोरली, अन द्वारका पाह्यन तू? पण कोकिळेले म्या अंगावर वाढवलं, रुखमे. तिच्या लग्नाआधी असा अपशकुन मी करीन?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं वाटत होतं.

महादेवराव तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. रुखमाबाई दाराआड उभी राहिली, पदर पुढं ओढला, आणि कोकिळेला मध्ये घातलं.

"कोकिळे, मोठ्या बाबाले विचार, काल भजनात टाळ कोणी धरला होता?"

"मले काय माहीत?" महादेवराव पोरीलाच म्हणाले. "माह्यं पोट दुखून राह्यलं होतं, मी घरी येऊन पडलो. तुह्या मायले सांग, चौकशी करनं बायाचं काम नाई. चोर सापडला. समुद्राले जाऊ नका म्हणून मी बोंबलून राह्यलो होतो, तवा कोणी आईकलं नाई. आता देवानंच आडवलं."

राहिले उत्तमराव. ते गेल्या महिन्यापासून ओसरीवर वेगळे निजत होते. ताट वेगळं, तांब्या वेगळा. यात्रेला जायचं म्हणून सोवळं पाळतो, म्हणाले होते. कोकिळा जवळ गेली तर मागं सरायचे. रुखमाबाईला त्यांच्या भक्तीचं कौतुक वाटलं होतं.

"तुम्ही काल नारळ आणाले घरी आलते ना? पेटी होती तवा?"

"ध्यान नाई देल्लं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "रुखमा, जाऊ दे ना. पेटी गेली, गेली. मोतीरामाले मी सोडवतो दादाले सांगून."

"दादा आईकतीन?"

महादेवरावांनी आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं.

तिघांपैकी एकाचे तळवे सोललेले होते. पण मोठ्या जावेला हात दाखव म्हणायचं कसं? भासऱ्यांना तर नाहीच नाही. विचार करता करता तिचं लक्ष अंगणापलीकडच्या शेताकडे गेलं. ज्वारी हुरड्याला आली होती.

४

वाटेला लावायला आलेले पाहुणे घरात होतेच. त्यांना उपाशी कसं धाडायचं, असं म्हणून रुखमाबाईनं दुपारी शेतात हुरड्याची आगटी पेटवली. स्वतः विस्तवाशी बसली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची आणि एकेकाच्या हातात द्यायची. गरम कणीस तळहातावर चोळून दाणे काढायचे. धडधाकट हाताला चटका बसतो, मग सोललेल्या तळव्याचं काय होईल? ज्याचे हात सोललेले, तो काहीतरी निमित्त काढील. हुरडा नको म्हणेल, नाहीतर दुसऱ्याकडून चोळून घेईल.

तिनं पहिलं कणीस कोकिळेजवळ दिलं आणि महादेवरावांकडे धाडलं. त्यांनी ते या हातातून त्या हातात उडवलं, फुंकर घातली, खसाखसा चोळलं आणि दाणे तोंडात टाकले.

"मीठ कुठी आहे?" एवढंच म्हणाले.

आशाबाईनं "आई गं" म्हणून कणीस पदरात टाकलं, पण लगेच उचलून चोळलं आणि पाहुण्यांच्या पोरांना वाटलं. तिचे तळवे रुखमाबाईनं नीट पाहिले. लाल झाले होते, फक्त आचेनं.

उत्तमराव बांधाच्या कडेला सगळ्यांपासून लांब बसले होते. रुखमाबाई स्वतः उठून गेली. तिच्या हातातलं कणीस नुकतंच निखाऱ्यातून काढलेलं होतं, पदरातूनही तिला धग सोसवत नव्हती. तिनं ते त्यांच्यापुढं धरलं. मनातून ती देवाला विनवत होती, यांनी चोळावं, यांना काही न होवो.

उत्तमरावांनी कणीस घेतलं. उडवलं नाही, फुंकर घातली नाही. दोन्ही तळव्यांमध्ये धरून शांतपणे चोळू लागले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला. तिघांचेही हात धड. मग दोर कुणी धरला?

ती वळणार तोच उत्तमरावांनी मूठ उघडून दाणे पानावर ओतले.

हिरवे दाणे रक्तानं माखलेले होते.

आणि ज्याच्या हातातून ते रक्त येत होतं, तो माणूस पाहुण्यांकडे पाहून हसत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

५

तिनं ते पान झटकन उचललं आणि आगटीत टाकलं. पाहुणे उठेपर्यंत ती कशी वागली, काय बोलली, हे तिला नंतर आठवेना. सगळे घराकडे वळले तेव्हा ती बांधावर येऊन उभी राहिली.

"हात दावा."

"नको."

ती खाली बसून त्यांचा हात धरायला गेली तशी ते ओरडलेच, "हात नको लावू, रुखमा!"

मग तिला सगळं एकदम कळलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या. कोकिळेपासून मागं सरणं. आणि शालिग्रामानं सांगितलेली ती धक्क्यावरची रांग, ती सुई.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"दिवाळीत खामगावले कापूस घेऊन गेलतो. बजारात बसलो होतो, विडी बोटापोत्तर जळत आली अन मले समजलंच नाई. बाजूच्यानं सांगतलं. डाक्तरकडं गेलो. मी म्हटलं टोचा ना सुई. तो म्हणे, टोचली." उत्तमराव थांबले. "रगतपिती, महारोग आहे म्हणे. दूर एक दवाखाना आहे, तिथी राहून तेलाची इंजेक्शनं घ्या लागते. बरं होईन का नाई, सांगता येत नाई."

"अन मले नाई सांगतलं."

"तू रोज जात्यावर बंदरं म्हणून राह्यली होती. मले तोंडच उघडता नाई आलं. म्हटलं, हिले एकदा समुद्र दाखवतो, मंग सांगतो. तं शालिग्राम बोलला त्या रांगेचं. आपल्या गावातले लोकं त्या बोटीले होते. त्याह्यच्यासमोर मले बाहीर काढलं असतं, अन कोकिळेचं लगन..." त्यांना पुढं बोलवेना. "बिमार आहो म्हणावं तं दादा डाक्तर बोलावते. जात नाई म्हणावं तं सारं गाव काऊन म्हणून विचारते. पेटीच गेली तं कोनी कोनाले काही विचारत नाई. तू हुरडा काऊन काढला तेही मले समजलं होतं. म्हटलं, मले तं काही लागत नाई, चोळून टाकू. रक्ताचं ध्यानात नाई आलं."

"अन मोतीराम?"

उत्तमरावांनी शालीत तोंड लपवलं. "त्याच्यावर जाईन हे नाई सुचलं मले. उद्या चावडीत जाऊन सांगतो, म्याच टाकली म्हणून."

"दादा विचारतीन, काऊन टाकली."

"सांगीन काही."

"तुमचे हात पाह्यतीन. दोराले रक्त आहे हे मी पाह्यलं, तसं शिपाईही पाह्यन. एवढा सोललेला हात, अन हा मानूस हूं का चूं करत नाई, हे त्याले दिसन."

शेतात खारी चिवचिवत होत्या. मग रुखमाबाई उठली. तिनं हात लावला नाही, पण ती जवळून, अगदी जवळून चालत त्यांच्याबरोबर घरी आली.

६

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती विहिरीवर गेली. मोतीराम चावडीत, म्हणून मोट बंद होती. आसपास कुणी नव्हतं. तिनं दोराला मोठा दगड बांधला, काठावर पाय रोवले, आणि दगड खाली सोडून दोर दोन्ही हातांनी आवळून धरला.

पहिल्याच झटक्याला कातडं सुटलं. तिनं पदर दातांत धरला. दगड पाण्याला लागला तसा वर ओढला आणि पुन्हा सोडला. उत्तमरावांच्या हातांना जे कळलं नव्हतं, ते तिला नखशिखांत कळलं. डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा ती थांबली.

चावडीपुढं गाव जमलं होतं. बुलढाण्याचा शिपाई मोतीरामला बेडी घालत होता. बायका चावडीची पायरी चढत नसत. रुखमाबाई चढली.

"त्याले सोडा. पेटी म्या टाकली."

महादेवराव उभेच राहिले. "काय बोलून राह्यली तू?"

आज ती दाराआड नव्हती. भासऱ्यांशी ती प्रथमच समोरासमोर बोलत होती. "मले समुद्राचं भेव वाटलं. रोज सपनात बोट बुडे. हे एवढ्या हौसेनं नेऊन राह्यले, त्याह्यले नाई कसं म्हणू? म्हणून टाकली. लेकीचा शालू तेवढा काढून ठेवला."

"दाव हात," महादेवराव म्हणाले. भरलेली पेटी बाईमाणसानं एकटीनं विहिरीत सोडली, हे त्यांना पटत नव्हतं.

तिनं हात उघडले. शिपायानं मान फिरवली. मागं बायकांत कुजबूज झाली, मग कुणीतरी हसलं, आणि हसू पसरत गेलं. "दिवाळीपासून बंदरं सांगे, अन पान्याले भेते व्हय!"

मोतीरामनं तिच्या हातांकडे पाहिलं. काल खिडकीशी ती आली होती तेव्हा ते धड होते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडलं. रुखमाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं आणि हात जोडले.

उत्तमराव गर्दीच्या मागं उभे होते. ते पुढं येऊ लागले. तिनं मान हलवली, एवढीशीच. ते जागीच थांबले.

७

वैशाखात कोकिळेचं लग्न झालं. कन्यादानाला उत्तमराव बसले नाहीत. थोरल्याचा मान म्हणून महादेवरावांना बसवलं. बाबानं आपला हात हातात घेतला नाही म्हणून पोरगी मांडवातून निघताना हमसाहमशी रडली, आणि उत्तमराव गोठ्याच्या कुडाला टेकून ते ऐकत राहिले.

पाठवणी झाल्यावर थोड्याच दिवसांनी नवराबायको काशीला जातो म्हणून निघाले. काशीला गेलेच नाहीत. त्या दूरच्या दवाखान्याच्या कुंपणाबाहेर रुखमाबाईनं एक खोली घेतली. रोज डबा घेऊन जायची, कुंपणापाशी बसायची. उत्तमराव आतून गावाकडचं विचारायचे, मोतीरामचं, गाईबैलांचं, कोकिळेचं. समुद्राचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. काही वर्षांनी तिथंच ते गेले. गावाला काशीतच देह ठेवला असं कळलं, आणि महादेवरावांनी भावाच्या भाग्याचा हेवा करत तेरवी घातली.

रुखमाबाई देऊळघाटला परतली. कोकिळेला दोन मुली झाल्या, त्याही मोठ्या होऊ लागल्या.

एका हिवाळ्यात कोकिळा माहेरी आली ती हसतच. "आई, तुह्ये जावई द्वारकेच्या बोटीची तिकिटं काढून राह्यले. आपल्या साऱ्यायची. तुले न्याचंच म्हणतात. आता तरी चाल ना. मी तुह्या बाजूले बसन, हात धरून."

रुखमाबाई दळण पाखडत होती. अंगणात दोन्ही नाती लगोऱ्या खेळत होत्या. थोरलीला आता स्थळं येऊ लागली होती.

तिनं थोरल्या नातीकडे पाहिलं. आता बोटीत बसलं तर चावडीवरचं ते भेव खोटं ठरणार, आणि पेटी का टाकली हे कुणीतरी पुन्हा विचारणार.

"नाई बाप्पा," ती म्हणाली. "तुम्ही जा. मले पान्याचं लई भेव वाटते."

"अजूनही?" कोकिळा खळखळून हसली, आणि नवऱ्याला सांगायला बाहेर गेली.